तिचा व्हिसा मी संपवला

बत्तीस वर्षं मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढली. लोकांचे अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा, आणि काही कमी असलं की 'त्रुटी पूर्ततेसाठी परत' असा शेरा लिहून अर्ज ज्याचा त्याला धाडून द्यायचा. हे काम मी इतकं मन लावून केलं, की निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "बाईंच्या नजरेतून आजवर एक कागद सुटला नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. स्वतःच्या कौतुकाला स्वतः वाजवायच्या नसतात, हे शेजारच्या टेबलवालीने कोपर मारल्यावर कळलं.

त्याच मी निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, घरबसल्या, एका चांगल्या सरळ मुलीला या देशात बेकायदेशीर करून ठेवलं. मला कळेपर्यंतच एक्केचाळीस दिवस. आणि त्या एक्केचाळीस दिवसांत मी तिला वर 'घाई करू नकोस' म्हणून दमही देत होते.

आम्ही भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये राहतो. परळची खोली सोडून इकडे आलो तेव्हा एक घर आमच्यासाठी आणि पुढे कर्ज काढून त्याच मजल्यावरचं समोरचं एक मुलासाठी घेतलं. मुलाने पुण्याला नोकरी धरली, तिथेच लग्न केलं, आणि समोरचं घर रिकामं राहिलं. मी सोसायटीची सेक्रेटरी. निवडून आले म्हणायची पद्धत आहे, पण खरं सांगायचं तर मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि माझी घालायची राहून गेली.

ती मुलगी टांझानियाची. समुद्रकाठच्या एका बंदराच्या गावची. इथल्या एका कॉलेजात फार्मसी शिकत होती. आधी नया नगरमध्ये आणखी तिघींबरोबर राहायची, पण तिघींचं शिक्षण संपून त्या गेल्या आणि हिला एकटीला ते घर परवडेना. आमच्या विंगमध्ये घरकाम करणाऱ्या बाईंनी तिला माझ्याकडे आणलं. उंच, डोक्याला रंगीत रुमाल, हातात कागदांची फाइल. फाइल नीट लावलेली होती, वर अनुक्रमणिका. मी तिथेच विरघळले.

सोसायटीत मात्र गहजब झाला. सगळ्यात मोठा आवाज दुसऱ्या मजल्यावरच्या शेठचा. त्यांचं स्टेशनरोडला स्टीलच्या भांड्यांचं दुकान. मीटिंगमध्ये ते उभे राहून म्हणाले, "बेन, फॉरेनर नाय पायजे. व्हिजाचा लफडा होते. मागून पोलीस आपल्याला विचारणार."

मी उभी राहिले आणि भाषण ठोकलं. परळला असताना आडनाव विचारून 'घर कालच दिलं' असं सांगणारे लोक मी पाहिलेत. हॉलमधली बुद्धमूर्ती बघून चहा न पिता उठलेले एक घरमालकही पाहिलेत. तेव्हा कोणाला नुसतं पाहून घर नाकारणं माझ्याने होणार नाही, असं मी म्हणाले. ते मनापासून होतं. पण त्यानंतर मी जे म्हणाले, तेही इतिवृत्तात माझ्याच अक्षरात नोंदवलेलं आहे: "आणि कागदपत्रांची काळजी कोणी करू नये. कागदपत्रं मी बघेन."

शेठ "जशी तुमची मरजी" म्हणून बसले.

मुलगी राहायला आली. पहिल्याच दिवशी तिने मला 'मामा' अशी हाक मारली. तिच्या भाषेत वयाने मोठ्या बाईला आदराने असंच म्हणतात. खालचा वॉचमन आठवडाभर हसत होता. मी तिला मामा आणि मावशी यांतला फरक समजावला, तेव्हा ती म्हणाली, "आपके यहाँ रिश्ते का अलग से कोर्स चाहिए." मग मी मावशी झाले. तिच्या भाषेतही चहा म्हणजे चाय, चपाती म्हणजे चपाती आणि गाडी म्हणजे गारी. त्यामुळे आमच्या ह्यांना वाटायचं की ती भाषा त्यांना निम्मी येतेच. ते तिच्याशी मोठ्या आवाजात मराठी बोलायचे आणि ती मोठ्या आवाजात हिंदी. दोघांचं छान जमायचं.

दोन वर्षं अशी गेली. रविवारी ती नारळाच्या दुधातला भात करायची, मी कोळंबीचं कालवण. बाजारातली मासेवाली तिला बघून मला विचारायची, "तुजी पोर हाय का ही?" मी "हाय" म्हणायचे. "तुज्यावर न्हाय गेली," म्हणून ती वाटा जरा मोठा करायची.

पहिल्या वर्षी मी सगळं नियमाने केलं. अकरा महिन्यांचा भाडेकरार, पोलीस चौकीत भाडेकरूची माहिती, परदेशी माणूस घरात ठेवला की घरमालकाने ऑनलाइन भरायचा फॉर्म. सगळ्याची झेरॉक्स. दुसऱ्या वर्षी करारही नवा केला. तोही संपला तेव्हा मी म्हणाले, "आता काय करार, घरातलीच मुलगी तू." हे वाक्य मी मोठ्या प्रेमाने बोलले होते. त्याच वाक्याने पुढे घोटाळा केला.

झालं असं, की तिचा व्हिसा जूनअखेरपर्यंत होता आणि शेवटची परीक्षा पुढे ढकलून सप्टेंबरवर गेली. म्हणजे मुदत वाढवून घ्यायला हवी. मुदत संपायच्या आधीच ऑनलाइन अर्ज करायचा असतो. ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मावशी, मैं भर देती हूँ, आप सिर्फ देख लो."

मी म्हणाले, "तू अभ्यास कर. हे माझं काम आहे."

आणि मी खुर्ची ओढून बसले. पासपोर्टवरून नाव एकेक अक्षर लावून टाइप केलं. कॉलेजचं पत्र जोडलं, फोटो जोडला, भाडेकरार जोडला. ईमेलच्या रकान्यात माझाच ईमेल टाकला. कारण तिचा फोन सारखा बिघडायचा आणि माझ्यासारख्या जबाबदार व्यक्तीकडे उत्तर आलेलं बरं. शेवटी पडद्यावर 'अर्ज सादर झाला' आणि एक लांबलचक क्रमांक आला. मी त्याची प्रिंट काढली, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि तिच्या हातात देऊन म्हणाले, "झालं."

जुलैत तिने दोनदा विचारलं. ऑगस्टच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा. "मावशी, कुछ आया क्या?"

"सरकारी काम आहे बाळा," मी म्हणाले. "दीड-दोन महिने लागतातच. मी त्या खुर्चीवर बसलेय. घाई करणाऱ्यांच्या फाइली आम्ही मुद्दाम खाली ठेवायचो."

ती परत अभ्यासाला गेली. माझ्यावर तिचा विश्वास होता. का नसावा? माझाही होता.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी लिफ्टवाल्यांचं दुरुस्तीचं कोटेशन शोधायला मी ईमेल उघडला. तो मी सहसा उघडत नाही. तिथे साड्यांचे सेल, विम्याच्या जाहिराती आणि जुन्या सहकाऱ्यांची सुप्रभातची फुलं यांचा डोंगर साचलेला. वाचायची राहिलेली पत्रं किती, तो आकडा मी बघतच नाही. लिफ्ट शोधताना परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाची दोन पत्रं सापडली. पहिलं जूनअखेरचं. 'जोडलेल्या भाडेकराराची मुदत संपली आहे. चालू करार सात दिवसांत जोडावा.' दुसरं जुलैमधलं. 'उत्तर न आल्याने अर्ज बंद करण्यात येत आहे.'

पहिल्या पत्राला सरळ मराठीत काय म्हणतात हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? त्रुटीपत्र. मी आयुष्यभर जे लोकांना पाठवलं, ते मला आलं होतं. आणि मी त्याच्यावर सुप्रभातची फुलं ठेवून दिली होती.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. तिचा व्हिसा संपून एक्केचाळीस दिवस झाले होते. कसलाही अर्ज चालू नाही. म्हणजे समोरच्या दाराआड बसून जी मुलगी औषधांची नावं पाठ करत होती, ती कागदोपत्री या देशात नको असलेली होती, आणि तिला ते माहीतही नव्हतं.

आता खरी लाजेची गोष्ट. मी तिला लगेच सांगितलं नाही. चार दिवस सांगितलं नाही.

त्या चार दिवसांत मी तिला सतत खायला घातलं. सकाळी घावणे, दुपारी भरलेले बोंबील, संध्याकाळी शेवयांची खीर. वाटी घेऊन दार वाजवायचं, ती उघडायची, मी सांगायला तोंड उघडायचे आणि म्हणायचे, "गरम आहे तोवर खा." चौथ्या दिवशी मी पुरणपोळी घेऊन गेले तेव्हा तिने ताट घेतलं, टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "मावशी, सच बोलो. घर खाली करवाना है क्या?"

मी तिथेच खुर्चीत बसले आणि सांगून टाकलं. फोनवर दोन्ही पत्रं दाखवली.

तिने ती दोनदा वाचली. ओरडली नाही. म्हणाली, "मैंने तीन बार पूछा था."

"हो."

"आपने बोला, घाई मत करो."

"हो."

"मैं खुद भरने वाली थी."

मी तिसऱ्यांदा 'हो' म्हणाले की नाही, आठवत नाही. तिने पुरणपोळीचं ताट उचलून माझ्या हातात दिलं आणि माझ्यामागे दार लावून घेतलं. जोरात नाही. हळूच. जोरात लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. आमचे हे बसडेपोत मेकॅनिक होते, बोलतात कमी. सगळं ऐकून म्हणाले, "बत्तीस वर्षं सरकारने तुला पगार दिला, सरकारचंच कौतुक आहे." मग ताटातली पुरणपोळी त्यांनी खाल्ली.

त्यानंतर ती घराबाहेर पडेना. कॉलेजला दांडी. भाजी नाही, बाजार नाही. एकदा वॉचमन पाण्याची वेळ बदलल्याची नोटीस द्यायला वर आला, तर त्याचा खाकी शर्ट दाराच्या भिंगातून बघून तिने दार उघडलं नाही. तो बिचारा बेल वाजवत राहिला. मी माझ्या दारात उभी राहून ते पाहिलं. या वॉचमनला ती रोज 'चाचा' म्हणायची; त्याच्या गुडघ्यासाठी कोणतं मलम चांगलं हेही तिनेच सांगितलं होतं.

मग मी शहाण्या बाईने करू नये ते केलं. स्टेशनरोडला एका माणसाची काचेची केबिन आहे. बाहेर पासपोर्ट, पॅन, व्हिसा सगळं लिहिलेलं. मी आयुष्यात अर्जदाराचा चहासुद्धा घेतला नाही, याचा मला फार अभिमान. त्या केबिनमध्ये मी पंख्याखाली बसून चहा घेतला. बिस्किटही घेतलं.

तो म्हणाला, "मॅडम, टेन्शन मत लो. पुराने डेट का पेपर बना देंगे. अंदर अपना आदमी है."

"जुन्या तारखेचं?" मी विचारलं.

"सब करते हैं."

मी नको म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "विचार करून सांगते." हे शब्द माझ्या तोंडचे. जुनी तारीख टाकलेला अर्ज मी दुरून वासाने ओळखायचे म्हणे!

त्या संध्याकाळी बेल वाजली. दारात शेठ. दोन वर्षांत ते कधी आमच्या घरी आले नव्हते. आत येऊन बसले, पाणी नको म्हणाले.

"बेन, त्या केबिनमधी कशाला गेलती तुम्ही? माझ्या दुकानाच्या बाजूलाच हाय ती. मी बघितला तुम्हाला."

मी सांगायला सुरुवात केली, सोसायटीच्या कामाचं काहीतरी. त्यांनी हात वर केला. "मुलीच्या व्हिजाचं हाय ना? तीन दिवस झाले, ती खाली दिसली नाय."

मी मान हलवली आणि किती दिवस झाले तेही सांगितलं. आता 'मी सांगितलं होतं ना' हे ऐकायची तयारी केली. ते म्हणाले, "त्या माणसाकडे परत जाऊ नका. माझा छोकरा तसल्याच माणसाने फसवला."

त्यांचा मुलगा परदेशात शिकायला गेलेला, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. मोठ्या प्रोजेक्टवर आहे, म्हणून येता येत नाही, असं ते सांगायचे. मी तर वार्षिक सभेत त्याच्या अभिनंदनाचा ठराव मांडला होता. शेठ त्या दिवशी ठराव होताना पाण्याची बाटली आणायला म्हणून बाहेर गेले होते, ते मला आत्ता आठवलं.

"कसला प्रोजेक्ट!" शेठ म्हणाले. "शिकणं संपलं, व्हिजा संपला. तिकडच्या एका माणसाने सांगितलं, तुझी फाइल लावली, आरामात रहा. हा राहिला. दोन वर्षांनी समजलं, फाइल नव्हतीच. आता सात वरीस झाले. एका स्टोअरच्या मागच्या खोलीत माल लावतो. निघाला तर परत जाता येणार नाय, आणि राहिला तर... त्याची मम्मी गेली तेव्हा माझ्या भावाने फोन धरला होता. छोकऱ्याने तिकडून फोनवर बघितला सगळा."

आमच्या ह्यांनी टीव्हीचा आवाज आधीच बंद केला होता. आता टीव्हीही बंद केला.

"मी मीटिंगमधी ओरडलो ना," शेठ म्हणाले, "मुलगी वाईट म्हणून नाय. मला रोज ती जिन्यावर दिसणार, आणि मला त्याची आठवण येणार. तेवढंच होतं." मग उठले. "तुम्ही पकडले जायच्या आधी स्वतः जावा. खरं सांगा. दीड महिना म्हणजे काय नाय. माझ्या छोकऱ्याला दीड महिन्यातच कोणी हे सांगितलं असतं तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आणि मी तिच्या दारात उभे राहिलो. मी बेल वाजवली तर उघडलं नाही. शेठनी हाक मारली, "बेटा, मैं दुसरे माले से," तेव्हा उघडलं. त्यांनी तिला मुलाचं सगळं सांगितलं, माझ्यासमोर, उभ्याउभ्या, हिंदी-गुजरातीत. ती ऐकत होती. मग तिने लॅपटॉप काढला आणि स्वतःचा नवा अर्ज स्वतः भरला. स्वतःच्या ईमेलवर. उशीर का झाला याच्या रकान्यात स्वतःच चार ओळी लिहिल्या. एकूण वीस मिनिटं लागली. मी बाजूला बसून नवा भाडेकरार करण्यासाठी कोणाला फोन करायचा ते शोधत होते. तेवढंच काम माझ्याकडे सोपवलं होतं, आणि शेठ मधेमधे विचारत होते, "केला का फोन?"

आठवड्याभरात कार्यालयातून बोलावणं आलं. मूळ कागद घेऊन प्रत्यक्ष हजर राहा. आदल्या दिवशी मी निवेदन लिहायला बसले. 'महोदय, मी खाली सही करणार' पासून सुरू करून सहा पानं झाली. त्यात माझी सेवा, माझे दोन गुणगौरव, आणि ईमेलच्या डोंगराचं सविस्तर वर्णन. सगळ्याचा मथितार्थ एवढाच, की चूक माझी, पण माणूस म्हणून मी फार उत्तम.

शेठनी दुकान भाच्यावर सोपवून स्वतःची गाडी काढली. काशीगावजवळ हायवेवर ट्रॅफिकमध्ये तास गेला. त्या तासात मी निवेदन मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर मुलगी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "मावशी, इसमें मेरा नाम कब आएगा?"

तिचं नाव चौथ्या पानावर होतं.

कार्यालयातली अधिकारी माझ्या सुनेच्या वयाची. तिने मुलीचे कागद पाहिले आणि विचारलं, "इतने दिन क्यों रुकी?"

मी म्हणाले, "त्याचं असं झालं मॅडम..."

"मी त्यांना विचारतेय."

तिने दुसरा प्रश्न विचारला. मी परत सुरू झाले. तिसऱ्या वेळी तिने पेन खाली ठेवलं. "मॅडम, तुम्ही बाहेर बसा." मी सहा पानं पुढे केली. तिने वजन केल्यासारखी हातात धरली आणि परत दिली. "ह्याची गरज नाही. घरमालक म्हणून एक पान पुरे. करार उशिरा केला, तारीख, सही."

बाहेर बाकावर बसले. पलीकडे एक आजोबा, एक बाई मांडीवर लहान मूल घेऊन, दोघंतिघं विद्यार्थी. सगळे त्या दाराकडे बघत होते. बत्तीस वर्षं मी दाराच्या आत होते. बाहेरच्या बाकाला पाठ नसते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्या ऑफिसच्या बाकाला पाठ होती का, हे मी आठवत बसले. आठवलं नाही. कधी बघितलंच नव्हतं.

ती चाळीसेक मिनिटांनी बाहेर आली. मी उठले. "सांगितलंस ना, माझी चूक म्हणून?"

"नहीं," ती म्हणाली. "मैंने बोला मेरी गलती है. व्हिसा मेरा है, डेट मुझे देखना चाहिए था."

मी तिचा हात धरायला गेले तर ती पुढे म्हणाली, "आपका नाम बोलती तो आप पे भी कुछ हो जाता. फिर परीक्षा तक मैं रहती कहाँ?"

शेठ मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांत तीही हसली. मला हसू आलं नाही, पण मी तोंड तसं केलं.

निकाल असा लागला: उशिराचा दंड भरायचा, परीक्षा होईपर्यंत राहायची परवानगी, आणि परीक्षेनंतर ठरलेल्या तारखेच्या आत देश सोडायचा. ऐकायला ठीक वाटतं. पण तिला पुढे वर्षभर इथल्याच एका इस्पितळाच्या औषधविभागात शिकायचं होतं. तिथे तिची जागाही ठरली होती. आता त्यासाठी घरी जाऊन नव्याने व्हिसा मागायचा, आणि अर्जात 'पूर्वी मुदतीपेक्षा जास्त राहिला होता का' या प्रश्नापुढे 'हो' लिहायचं. इस्पितळाने थांबायला नकार दिला. ती जागा गेली. दंड मी भरला. तिने भरू दिला आणि आभार मानले नाहीत. त्याबद्दल मीच तिची आभारी आहे.

हे सगळं झाल्यावर मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा लिहिला. छोटा, एका पानाचा. मीटिंगमध्ये तो वाचल्यावर सगळ्यांनी पुन्हा माना खाली घातल्या. राजीनामा नामंजूर झाला. लिफ्टचं काम तेवढं माझ्याकडून काढून घेतलं.

परीक्षेच्या महिन्यात ती हळूहळू आमच्याकडे यायला लागली. आधी ह्यांच्याशी बोलायला, मग जेवायला. माझ्याशी ती नीट वागायची, पण पूर्वी ती माझ्या स्वयंपाकघरात न विचारता डबे उघडायची, ते आता विचारून उघडायला लागली. एकदा मी म्हणाले, "विचारतेस कशाला?" ती म्हणाली, "आदत पड़ गई." मी विषय वाढवला नाही. काही गोष्टींवर माफी मागून झाल्यावर परत परत मागणं म्हणजे समोरच्याला कामाला लावणं असतं, एवढं मला तोवर समजलं होतं.

ती गेली तेव्हा विमानतळावर आम्ही तिघं होतो, मी, हे आणि शेठ. शेठनी तिला स्टीलचा डबा दिला, झाकणावर तिचं नाव कोरून. मी लोणचं दिलं. आत जाताना तपासणीच्या माणसाने तिचे कागद उलटसुलट पाहिले, परवानगीचं पत्र वाचलं, दुसऱ्या कोणाला तरी बोलावलं. ती सरळ उभी होती. मी काचेबाहेरून बघत होते, आणि माझ्या हातात तिच्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्सचा एक जादा संच होता. कोणी मागितला नाही. त्यांनी तिला सोडलं. तिने वळून हात केला. तो आम्हा तिघांना होता, मी माझा वाटा धरून घेतला.

शेठनी त्यानंतर एक केलं. पुढच्या वार्षिक सभेत इतर विषयांत ते उभे राहिले आणि मुलाचं खरं सांगून टाकलं. दोन वाक्यांत. मग तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "आमचा पुतण्या पण तसाच आहे, आखातात." आणि चौथ्या मजल्यावरचे एक जण म्हणाले, त्यांचा मेव्हणाही. मी इतिवृत्त लिहीत होते. यातलं काहीच लिहिलं नाही. मुलगा अजून आलेला नाही. शेठ मात्र आता त्याला रोज दुकानातून फोन करतात, गिऱ्हाइकासमोर, मोठ्याने.

मुलीचा निकाल लागला. चांगल्या मार्कांनी पास. प्रमाणपत्र कॉलेजातून घ्यायचं होतं. त्यासाठी तिने मला अधिकारपत्र पाठवलं. मला पाठवलं, पुण्यात शिकणारी तिच्या गावची एक मैत्रीण होती, तिला नाही. मी पहिल्या दिवशी गेले तर खिडकीतला क्लार्क म्हणाला, ओळखपत्राची प्रत नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, अधिकारपत्रावर तारीख नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, जेवणाची सुट्टी आहे. मी तिन्ही वेळा "बरं" म्हणाले. चौथ्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. तिथेच उभी राहून नाव एकेक अक्षर तपासलं, मग कुरियरने पाठवलं.

तीन आठवड्यांनी तिचा आवाजी निरोप आला. ती तिथल्या एका दवाखान्याच्या औषधांच्या दुकानात लागली होती. मागे लोकांची गडबड ऐकू येत होती, कोणीतरी खोकत होतं. म्हणाली, "मावशी, मिल गया. काँच में लगाया. यहाँ एक लड़का बोलता है उसको इंडिया पढ़ने जाना है, फॉर्म कैसे भरते हैं. मैंने सोचा, आपको पूछूँ क्या?" मग गल्ल्यात सुट्टे पडल्याचा आवाज. "फिर मैंने उसको बोला, मैं ही बताती हूँ."